चौथ्या शब्दाने गिळलेले तीन शब्द

नव्या नोकरीचा पहिला दिवस. हिंजवडी असो, खराडी असो की ऐरोली, दृश्य सारखेच असते. गळ्यात कोरे ओळखपत्र, हातात कंपनीचे नाव छापलेली वही, आणि एसीने गारठलेल्या हॉलमध्ये इंडक्शनचे प्रशिक्षक पडद्यावर कंपनीची मूल्ये दाखवत असतात. या प्रशिक्षकांचे एक आवडते उदाहरण आहे. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या एन्रॉन कंपनीचीही चार मूल्ये होती: आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता. मुख्यालयात शिरताच ती डोळ्यांत भरत. तरीही २ डिसेंबर २००१ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. का? मूल्ये भिंतीवरच राहिली, वागण्यात उतरली नाहीत म्हणून. तुम्ही मात्र ती जगा, असे सांगून प्रशिक्षक पुढच्या स्लाइडकडे वळतात. त्या स्लाइडवर असते 'हाय परफॉर्मन्स' संस्कृती, वार्षिक रेटिंग आणि बेल कर्व्ह.

या दोन स्लाइडचा एकमेकींशी काय संबंध आहे, हे त्या हॉलमध्ये कोणी सांगत नाही.

एन्रॉनने मूल्ये पाळली नाहीत म्हणून ती बुडाली, हे निदान कंपन्यांना सोयीचे आहे. त्यात दोष माणसांवर जातो आणि यंत्रणा सुटते. पण निदान चुकीचे आहे. एन्रॉनमध्ये चारपैकी एक शब्द अतिशय काटेकोरपणे पाळला जात होता. वर्षातून दोनदा त्याचे माप घेतले जाई, आणि त्या मापावर पगार, बोनस, बढती आणि हकालपट्टी ठरे. तो शब्द उत्कृष्टता. बाकीच्या तिघांना वजन नव्हते. ज्याला वजन होते त्याने वजन नसलेल्यांना गिळले. मूल्यांचा विसर पडला असे नाही. एका मूल्याची अंमलबजावणी इतकी जोरात झाली की इतरांना जागाच उरली नाही.

जेफ्री स्किलिंग १९९० मध्ये मॅकिन्झी सोडून एन्रॉनमध्ये आले. त्यांच्या काळात जी 'परफॉर्मन्स रिव्ह्यू कमिटी' रुजली, तिच्यात वरिष्ठांचा गट प्रत्येक कर्मचाऱ्याला १ ते ५ गुण देई. १ म्हणजे सर्वांत वरचा. तळाच्या साधारण १५ टक्क्यांना दारे बंद होऊ लागत: कंपनीतच दुसरी जागा शोधा, पुढच्या फेरीपर्यंत सुधारा, नाहीतर निघा. कागदावर या तपासणीत आदराची आणि सचोटीचीही दखल होती. प्रत्यक्षात क्रम लागे तो कोणी किती नफा दाखवला यावर, हे तिथे काम केलेल्यांनी नंतर वारंवार सांगितले आहे. सौद्यांतली जोखीम तपासायला कंपनीत स्वतंत्र विभाग होता. पण ज्यांचे सौदे तपासायचे, त्यांचेच मत तपासणाऱ्याच्या रेटिंगमध्ये धरले जाई. परीक्षार्थ्याने परीक्षकाचा पगार ठरवावा, तसे. अशा खुर्चीवर बसलेल्या माणसाला सचोटीवर कितीही कार्यशाळा द्या, घरी हप्ते भरायचे असतात.

त्यात हिशेबाच्या पद्धतीची भर पडली. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने १९९२ मध्ये एन्रॉनला एक मुभा दिली. वीस वर्षांचा करार आज झाला, तर पुढच्या वीस वर्षांत त्यातून येऊ शकणाऱ्या नफ्याचा अंदाज आजच नफा म्हणून दाखवायचा. पेरणी झाली की पीक विकल्याची नोंद. अंदाज कोण करणार? ज्याचा बोनस त्या अंदाजावर अवलंबून आहे, तोच. परदेशी प्रकल्प उभारणाऱ्यांचा मोबदलाही असाच पुढ्यात मिळे: सौदा पक्का झाला, कर्जाची जुळणी झाली की बोनस. प्रकल्प पुढे चालतो की बंद पडतो, याच्याशी त्या रकमेचा संबंध नसे.

या पद्धतीची किंमत ह्यूस्टनच्या आधी महाराष्ट्राने मोजली.

दाभोळ प्रकल्प हे नाव पडले, पण प्रकल्प दाभोळात नव्हताच. दाभोळ वाशिष्ठीच्या खाडीच्या एका अंगाला; प्रकल्प दुसऱ्या अंगाला, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल आणि वेलदूर परिसरात. जून १९९२ मध्ये एन्रॉनचे लोक भारतात आले आणि पाच-सहा दिवसांत राज्य वीज मंडळाशी त्यांचा सामंजस्य करार झाला. घरातले साधे कपाट घ्यायचे तरी माणूस चार दुकाने फिरतो. १९९३ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला अर्थसाह्य नाकारले. आयात वायूवरची ही वीज राज्याच्या गरजेत आणि ऐपतीत बसत नाही, असा तिचा आक्षेप होता. तरी त्या वर्षीच्या डिसेंबरात वीजखरेदी करार झाला. मंडळाने वीज उचलली नाही तरी ठरावीक आकार द्यायचाच, आणि देण्याचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. १९९५ मध्ये युती सरकारने करार रद्द केला, १९९६ मध्ये फेरवाटाघाटींनंतर तो परत आला. १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. काही महिन्यांत मंडळाला ही वीज युनिटमागे ७ रुपयांच्याही वर पडली. मे २००१ मध्ये प्रकल्प थांबला, तेव्हा सुरू होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती.

त्या काळात इथले राजकारणी, अधिकारी, लाच, दबाव यांवर पुष्कळ लिहिले गेले आणि ते लिहायलाच हवे होते. पण कंपनीच्या आतून पाहिले तर दिसते ते आणखी साधे आहे. हे गिऱ्हाईक एवढे बिल भरू शकेल का, असा प्रश्न एन्रॉनच्या ज्या माणसाने आग्रहाने धरला असता, त्याचा सौदा लांबला असता, बोनस लांबला असता आणि रेटिंग खाली गेले असते. प्रश्न न विचारणे हीच तिथली उत्तम कामगिरी होती. ज्याला कंपनीने 'हाय परफॉर्मर' ठरवले, त्याने कंपनीला आणि राज्याला खड्ड्यात घातले, आणि तेही कंपनीने लावलेल्या मापाने पाहिले तर अगदी नीट काम करून.

'आदर' या शब्दाचे काय झाले, तेही गुहागरातच पाहावे. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने जानेवारी १९९९ मध्ये एन्रॉनच्या या प्रकल्पावर अख्खा अहवाल काढला. प्रकल्पाला विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर झालेली पोलिसी मारहाण आणि अटका त्यात नोंदल्या आहेत. जून १९९७ मध्ये वेलदूरच्या कोळीवाड्यात पहाटे पोलीस घरांत घुसले आणि बायकांना ओढून नेले, हा प्रसंग त्यात आहे. बंदोबस्तावरच्या पोलिसांचा खर्च प्रकल्पाची कंपनी सरकारला देत होती, हेही त्यात आहे. त्यानंतर दीड वर्षाने, जुलै २००० मध्ये, कंपनीने ६४ पानांची आचारसंहिता वाटली. अध्यक्ष केनेथ ले यांची प्रस्तावना, चार मूल्ये आणि मानवी हक्कांची तत्त्वे, सगळे तिच्यात होते. वेलदूरमध्ये काय घडले ते जगाला माहीत असताना ती छापली गेली. ती छापणाऱ्यांना मूल्ये समजली नव्हती असे कसे म्हणायचे? समजली होती. त्यांच्या रेटिंगमध्ये वेलदूर नव्हते.

यावर ठरलेले उत्तर येते: काही माणसे वाईट निघाली. अँड्र्यू फास्टॉ यांचे नाव घेतले जाते. कंपनीचे मुख्य वित्त अधिकारी असतानाच त्यांनी स्वतःच्या भागीदारी संस्था काढल्या, त्या एन्रॉनशीच सौदे करत, आणि त्यातून त्यांनी ३ कोटी डॉलरहून अधिक कमावले, असे चौकशी समितीने २००२ मध्ये सांगितले. माणूस लोभी होता, यात शंका नाही. पण हे त्यांनी लपून केले नाही. १९९९ मध्ये संचालक मंडळासमोर विषय आला आणि मंडळाने या व्यवहारापुरती आचारसंहिता बाजूला ठेवायला संमती दिली. एकदा नाही, दोनदा. कारण त्या संस्थांमुळे तिमाहीचे आकडे चांगले दिसत होते. जी आचारसंहिता कामगिरीच्या आड आली की ठराव करून बाजूला ठेवता येते, ती मोडायला वाईट माणूस लागत नाही.

हाच खुलासा वेल्स फार्गो बँकेनेही केला होता. प्रत्येक ग्राहकाला आठ खाती किंवा सेवा विकायच्या, असे तिथले लक्ष्य. शाखेतल्या काउंटरवरच्या मुलींना आणि मुलांना दिवसातून अनेकदा आकडा विचारला जाई. ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली गेली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, तेव्हा तिने सांगितले की आम्ही ५,३०० जणांना आधीच काढले आहे. ते बँकेच्या मूल्यांत बसत नव्हते, असा त्याचा अर्थ. मूल्यांवर पुस्तिका काढणारी ही बँक. पण एप्रिल २०१७ मध्ये बँकेच्याच संचालकांनी करवून घेतलेल्या चौकशीने बोट ठेवले ते विक्रीच्या लक्ष्यांवर आणि वरून येणाऱ्या दबावावर. ५,३०० माणसे योगायोगाने एकाच बँकेत अप्रामाणिक निघत नाहीत. त्यांना रोज जे विचारले गेले, त्याचे उत्तर त्यांनी दिले.

एन्रॉनच्या भिंतीवरचा फोलपणा नेटफ्लिक्सने मात्र ओळखला होता. रीड हेस्टिंग्ज यांनी २००९ मध्ये जी प्रसिद्ध संस्कृती-सादरीकरणाची स्लाइडमाला खुली केली, तिच्या सुरुवातीलाच एन्रॉनचे उदाहरण आहे. कंपनीची खरी मूल्ये कोणाला बक्षीस मिळते, कोणाला बढती आणि कोणाला निरोप, यावरून कळतात, असा तिचा मुद्दा. तो शंभर टक्के खरा आहे. पण पुढे तीच स्लाइडमाला सांगते की कंपनी हे कुटुंब नसून व्यावसायिक खेळाडूंचा संघ आहे, आणि ठीकठाक काम करणाऱ्याने भरपाई घेऊन जागा मोकळी करावी. निदान बरोबर आणि औषध तेच, ज्याने रोगी गेला. भारतातल्या कितीतरी कंपन्यांनी ही संघाची उपमा उचलली, भरपाईचा भाग तेवढा गाळला.

संघाची उपमा वापरायचीच तर पुरी वापरावी. क्रिकेटपटूच्या धावा सगळ्या मैदानाला दिसतात. त्या मोजायला पंच आणि गुणलेखक असतो, कर्णधाराची मर्जी नाही. अमेरिकेतल्या बास्केटबॉल खेळाडूंची संघटना १९५४ पासून आहे; करार, भरपाई, दुखापत यांवर ती मालकांशी बसून बोलते. आणि सामना संपतो. हिंजवडीच्या त्या मुलाच्या धावा कोणी पाहिलेल्या नसतात, त्याची संघटना नसते, आणि त्याचा सामना रात्री साडेअकराच्या कॉलनंतरही चालू असतो.

त्याचे रेटिंग कसे ठरते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. मार्च उजाडला की मॅनेजर मंडळी एका खोलीत 'नॉर्मलायझेशन'ला बसतात. भिंतीवर एक्सेलचा तक्ता. नावे, पुढे रेटिंग, खाली टक्केवारी. वरच्या श्रेणीत माणसे जास्त झाली की चौकट लाल होते. ती हिरवी होईपर्यंत उठता येत नाही. समजा दहा जणांची टीम आहे. सगळ्यांनी रात्री जागून प्रोजेक्ट वेळेत दिला, ग्राहकाने कौतुकाची मेल पाठवली. तरी दोघेच वर जाणार आणि एकाला तळाची श्रेणी मिळणारच. घंटेच्या आकाराचा तो वक्र मोठ्या, कसाही उचललेल्या लोकसमूहाला लागू पडतो. पाच-पाच फेऱ्या मुलाखती घेऊन निवडलेल्या दहा माणसांना तो लावणे हे गणितही नव्हे. मग मॅनेजर काय करतो? ज्याची बाजू मांडायला सर्वांत कमी लोक उठतील, त्याचे नाव खाली ओढतो. बाळंतपणाच्या रजेवरून नुकती परतलेली. वर्षाच्या मध्यात टीममध्ये आलेला. काम चोख करणारा पण टाउनहॉलमध्ये इंग्रजीत अडखळणारा, लातूरचा नाहीतर चंद्रपूरचा मुलगा. चौकट हिरवी होते. त्या मुलाला पुढच्या आठवड्यात बंद केबिनमध्ये सांगितले जाते की तुझ्यात 'ओनरशिप' कमी पडते. हा शब्द कंपनीच्या मूल्यांच्या यादीत असतो.

यातून टीम शिकते ते उघड आहे. शेजारच्याला अडलेले सोडवून दिले तर तो वर जातो आणि आपण खाली. मायक्रोसॉफ्टमध्ये अनेक वर्षे हीच क्रमवारी होती. चांगले अभियंते एकमेकांच्या टीममध्ये जायला तयार नसत, कारण दोन हुशारांपैकी एकाला खाली जावेच लागणार. नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीने ती पद्धत रद्द केली. जॅक वेल्च यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये ही पद्धत गाजवली होती, तिथेही ती पुढे टिकली नाही. आपल्याकडे मात्र तिकडून उतरवलेला कोट अजून मिरवला जातो.

आणि हे फक्त रेटिंगपुरते राहत नाही. २०२४ मध्ये पुण्यात, एका जागतिक हिशेब-सल्लागार संस्थेत नव्यानेच लागलेली तरुण सनदी लेखापाल मुलगी गेली. तिच्या आईने संस्थेच्या भारतातल्या प्रमुखांना पत्र लिहिले. संस्थेचे मानवी हक्कांचे निवेदन आपण मुलीच्या मृत्यूनंतर वाचले, त्यावर तुमची सही आहे, आणि त्यातली मूल्ये व मुलीने भोगलेले वास्तव यांचा मेळ लागत नाही, असे त्या माऊलीने लिहिले. कामाच्या ताणाने मृत्यू झाला हे संस्थेने मान्य केले नाही. पण राज्याच्या कामगार खात्याच्या तपासणीत जे समोर आले ते कोणाच्या मतावर अवलंबून नव्हते: दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी नसताना ते कार्यालय २००७ पासून चालू होते. दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा तेव्हा याच कायद्यात होती. मानवी हक्कांवर सही झाली होती, नोंदणीचा कागद झाला नव्हता.

मग मोजायचेच नाही का, हा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. मराठी माणसाने सरकारी कचेऱ्यांत हेलपाटे घातले आहेत. जिथे कामाचा हिशेब कोणी घेत नाही तिथे काय होते, हे त्याला कोणी शिकवायला नको. चांगले काम व्हावे, कामचुकाराला जाब विचारला जावा, याला कोणाचा विरोध नाही. विरोध आहे तो माणसांना एकमेकांविरुद्ध उभे केले की काम सुधारते या समजुतीला. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना असाच बदनाम होता. गैरहजेरी, दारू, संप, बिघडलेल्या गाड्या. १९८२ मध्ये कंपनीने तो बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाशी भागीदारीत तो पुन्हा उघडला, आणि कामाला घेतले ते बहुतांश तेच जुने कामगार, त्याच संघटनेचे. टोयोटाने त्यांची क्रमवारी लावली नाही. तिने प्रत्येकाच्या हाताशी एक दोरी दिली. गाडीत खोट दिसली की कोणीही ओढावी, म्होरक्या धावत येईल, वेळ पडली तर अख्खी लाइन थांबेल. पूर्वी लाइन थांबवणे हा तिथला सर्वांत मोठा गुन्हा होता. थोड्याच काळात या कारखान्याच्या गाड्या जनरल मोटर्सच्या सर्वोत्तम गाड्यांत गणल्या जाऊ लागल्या. पुढे मागणी घटली तेव्हाही कामगारांना काढले नाही. त्यांना प्रशिक्षणाला बसवले. तळाचे १५ टक्के म्हणून ज्यांना कोणीही हाकलले असते, तीच ही माणसे.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासताना उलटेच काही दिसले. ज्या वॉर्डांतले संघ चांगले, तिथे चुकांची नोंद जास्त. तिथे चुका जास्त होत नव्हत्या, परिचारिका त्या बोलून दाखवू शकत होत्या. आता हा वॉर्ड बेल कर्व्हच्या तक्त्यात घाला. चुका सांगणारा वॉर्ड तळाला जाईल, झाकणारा वर. पुढच्या वर्षी सगळेच झाकतील आणि आकडे सुंदर दिसतील.

म्हणून इंडक्शनच्या त्या हॉलमध्ये बसलेल्या मुलामुलींनी मूल्यांची व्याख्या विचारू नये. विचारावे ते हे: मोठा सौदा किंवा घाईची डिलिव्हरी चुकीची आहे म्हणून गेल्या वर्षी ज्याने थांबवली, त्याला काय रेटिंग मिळाले, आणि तो आज कुठे आहे? एन्रॉनमध्ये या प्रश्नाचे उत्तर उपलब्ध होते. मार्च २००० मध्ये कंपनीचे खजिनदार जेफ मॅकमहॉन स्किलिंग यांच्याकडे गेले. फास्टॉ यांच्या भागीदारी संस्थांशी एन्रॉनच्या वतीने घासाघीस करायची, आणि फास्टॉच आपले साहेब, हे जमत नाही, हे त्यांना सांगायचे होते. बोलण्याचे मुद्दे त्यांनी हाताने लिहून नेले होते. पुढे ते अमेरिकी संसदेच्या चौकशीत समोर आले. बोनसवर परिणाम होतो, ही नोंद त्यात होती. आणि भिंतीवरच्या चारपैकी एक शब्दही होता, सचोटी. थोड्याच दिवसांत मॅकमहॉन यांना दुसऱ्या विभागात पाठवले गेले. त्यांच्या खुर्चीवर बेन ग्लिसन आले. ग्लिसन यांनी तशाच एका भागीदारीत ५,८०० डॉलर घातले आणि काही आठवड्यांत त्यांचे सुमारे १० लाख झाले. सप्टेंबर २००३ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. एन्रॉनच्या अधिकाऱ्यांपैकी तुरुंगात जाणारे ते पहिले.